डोळ्याचा पडदा सरकला, बसवला, पुन्हा सरकला

गेल्या दोन महिन्यांत तीन अनोळखी माणसांचे फोन आले. कुणाकडून तरी माझा नंबर मिळालेला, आवाज घाबरलेला आणि प्रश्न एकच: "बाई, तुमचाही पडदा सरकला होता ना? नंतर काय काय झालं?" प्रत्येकाशी अर्धा-पाऊण तास बोलले, तरी फोन ठेवल्यावर महत्त्वाचं काहीतरी सांगायचं राहिलं असं वाटत राहायचं. म्हणून सगळं तारखांसकट लिहून काढते आहे.

मी डॉक्टर नाही. कोकणातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वय ४८. चौथीत असल्यापासून चष्मा, दोन्ही डोळ्यांचा नंबर वाढत वाढत उणे नऊपर्यंत गेलेला. मोठ्या उणे नंबरचा डोळा लांबट असतो, आतला पडदा, म्हणजे रेटिना, ताणून पातळ झालेला असतो, म्हणून तो फाटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर दर दोन वर्षांनी चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढून घ्यायचा, एवढंच करत आले होते. बाहुली मोठी करून आतला पडदा कुणी तपासला नव्हता आणि तपासायचा असतो हे मलाही माहीत नव्हतं.

९ जानेवारी २०२३, सोमवार. संध्याकाळी पडवीत वह्या तपासत बसले होते. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं. वर पाहिलं, दिवा तर नीट होता. मान वळवली की पुन्हा चमकायचं, आणि अंधारात जास्त. दुसऱ्या दिवशी डोळ्यापुढे एक कोळिष्टक तरंगायला लागलं. बुधवारी तर चुलीवरची काजळी उडावी तसे बारीक काळे ठिपके. शुक्रवारी शाळेचं स्नेहसंमेलन होतं, मुलांचे नाच बसवायचे होते. जागरणानं होत असेल म्हणून सोडून दिलं. गुरुवारी नाकाच्या बाजूनं, खालून, एक करडी सावली दिसायला लागली. चष्म्याची फ्रेम घसरली असेल म्हणून चष्मा वर सरकवला, पुसला. सावली जागची हलली नाही.

रविवारी, १५ तारखेला, संक्रांत. तिळगुळासाठी तीळ निवडायला बसले होते. उजव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून तो चोळायला मिटला, आणि समोरचं ताट गेलं. वरच्या डाव्या कोपऱ्यातले मूठभर तीळ तेवढे दिसत होते, ताटाची कड वाकडी झालेली, बाकी सगळं करडं. उजवा डोळा उघडला की ताट परत जागेवर. इतके दिवस एक डोळा दुसऱ्याचं झाकून घेत होता. तेव्हापासून मी वर्गातल्या पालकांनासुद्धा सांगते, महिन्यातून एकदा तरी एक डोळा हातानं झाकून दुसऱ्यानं बघा, मग हात बदला. याला पैसे लागत नाहीत.

१६ तारखेला सकाळी तालुक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ड्रॉप्स घालून बाहुली मोठी केली, अर्ध्या तासानं डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून बराच वेळ पाहिलं. "पडदा सुटलाय. मधला भाग, जिथून आपण वाचतो, तोही सुटलाय. उद्यापर्यंत कोल्हापूरला रेटिनावाल्यांकडे पोचा." आमच्याकडून कोल्हापूर म्हणजे आंबा घाट चढून जायचं. त्याच दुपारी आम्ही निघालो. कोल्हापुरात माझ्या वन्सं राहतात, त्यांच्याकडे उतरलो.

१७ तारखेचा पूर्ण दिवस तपासण्यांत गेला. सोनोग्राफी, पडद्याचं स्कॅनिंग, प्रेशर, रक्त, साखर, ईसीजी. साडेतीन हजार रुपये. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून दाखवलं. वरच्या बाहेरच्या भागात पडद्याला भोक पडलं होतं. ओल धरून भिंतीचा पोपडा सुटतो, तसं त्या भोकातून पाणी आत शिरून पडदा सुटत मध्यापर्यंत आला होता. आतला जेल काढून टाकायचा, पडदा जागेवर बसवायचा, भोकाभोवती लेझरचे टाके घालायचे आणि टाके धरेपर्यंत आतून दाब राहावा म्हणून गॅस भरायचा. खर्च ६८ हजार. एका ऑपरेशनमध्ये दहातल्या आठ-नऊ जणांचा पडदा बसतो, असं त्यांनी सांगितलं. मी नऊ ऐकलं. उरलेल्या एकाचं काय होतं, हे विचारायचं सुचलंच नाही. संमतीपत्रावर "पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते" असं मराठीत छापलेलं होतं, मी न वाचता सही केली. तुम्ही तिथेच बसून वाचा, आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, "हे झालं तर मला काय जाणवेल? आणि मी काय करायचं?"

१८ जानेवारीला ऑपरेशन झालं. डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करतात. इंजेक्शन दुखतं, पण क्षणभर. मग चेहऱ्यावर कापड, त्याखाली ऑक्सिजनची नळी. मी जागी होते. यंत्राची घरघर, डॉक्टरांचं हळू बोलणं आणि आत हलणारा प्रकाश, सगळं कळत होतं. सव्वा तास लागला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यावर उपाय नव्हता, माणसं आंधळी होत. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या जूल गोनँ यांनी १९२०च्या दशकात भोक बंद केलं की पडदा बसतो हे दाखवून दिलं, आणि आतला जेल काढायचं आजचं तंत्र १९७०च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट माकेमर यांनी बसवलं. हे मी नंतर वाचलं. पालथं पडून राहण्याच्या दिवसांत हे वाचून मला फार बळ आलं.

कारण पुढचं काम माझं होतं. गॅसचा बुडबुडा वर जातो, म्हणून पडद्याच्या मागच्या भागावर त्याचा दाब पडायला हवा असेल तर चेहरा जमिनीकडे हवा. पहिले सात दिवस मान खाली, त्यानंतर उजव्या कुशीवर. उताणं झोपायचं अजिबात नाही. वन्संनी बैठकीच्या खोलीत दिवाणावर दोन लोड समोरासमोर ठेवून मध्ये नाकातोंडापुरती फट सोडली. जेवताना ताट मांडीवर, मान त्यात. पाणी स्ट्रॉनं. दर तासाला दहा मिनिटं उठायची मुभा होती, तेव्हाही मान खालीच. खोलीतल्या मोझॅकच्या फरशीवरचे ठिपके मला पाठ झाले. मान, खांदे आणि कपाळ इतकं दुखतं की डोळ्याचं दुखणं मागे पडतं. कपाळाखाली जुनी मऊ सुती साडी घडी करून ठेवा, उशीच्या कापडानं कातडी सोलवटते.

तिसऱ्या दिवशी, २१ तारखेला संध्याकाळी, डाव्या भुवईच्या वर ठणका सुरू झाला. नऊ वाजता उलटी झाली, दहाला दुसरी. मला वाटलं गोळ्यांनी पित्त झालं. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, पित्तानं एकच बाजू ठणकत नाही. उठा." रात्री अकराला दवाखान्यात पोचलो. डोळ्याचं प्रेशर ४४. साधारण १० ते २१ असावं लागतं. लगेच सलाइनमधून मॅनिटॉल दिलं, ॲसिटाझोलामाइडची गोळी दिली, प्रेशरचे दोन प्रकारचे ड्रॉप्स सुरू केले. पहाटेपर्यंत २६ वर आलं. त्या गोळीनं हातापायांच्या बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं. आधी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही, म्हणून सांगते. पण मुख्य गोष्ट अशी की या ऑपरेशननंतर एका बाजूचा ठणका आणि उलटी एकत्र आली तर सकाळची वाट बघायची नाही. प्रेशर जास्त वेळ चढलेलं राहिलं तर डोळ्याची नस मरते, आणि ती पुन्हा जिवंत होत नाही.

२४ तारखेला उजव्या डोळ्याला लेझर केलं. त्याच्याही पडद्याला पातळ पट्टे होते, भोक पडायच्या आधीच भोवती टाके घातले. बाह्यरुग्ण विभागातच, वीस मिनिटांत, सहा हजार रुपयांत. एक डोळा असा झाला की दुसरा तपासून घ्यायचा विसरू नका.

गॅस असताना घरी जाता येत नव्हतं. डॉक्टरांनी कारण समजावून सांगितलं. डोळ्यातला गॅस उंचावर गेला की फुगतो, खाली आला की आकसतो. विमानप्रवास तर बंदच, पण घाटसुद्धा नको. एकदा खाली उतरून राहिलं आणि तपासणीला पुन्हा वर आलं की प्रेशर चढतं. आमच्या बाजूच्या बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. कोकणातून कोल्हापूर, पुणे, साताऱ्याला डोळा दाखवायला जाणाऱ्यांनी पहिल्याच भेटीत "आम्ही घाटाखालचे" हे सांगून टाकावं. आणि गॅस असताना दुसरं कुठलंही ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावं, कारण भुलीत वापरतात त्या नायट्रस ऑक्साइडनंही हा बुडबुडा फुगतो. माझा गॅस सहा ते आठ आठवडे टिकणारा होता. म्हणजे तेवढे दिवस वन्संच्या घरी. त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

फेब्रुवारीत वरून थोडं थोडं दिसायला लागलं. बुडबुडा लहान होत जातो तशी एक रेघ दिसते, कळशीत पाणी डुचमळावं तशी हलणारी. वर उजेड, खाली रेघेपलीकडे धूसर. रोज ती रेघ केसभर खाली सरकायची. पहिल्यांदा वन्संच्या दारातलं तुळशीवृंदावन दिसलं तेव्हा मी रडले. कडा वाकड्या होत्या, पण तुळस हिरवी होती.

२७ फेब्रुवारीला सकाळी तोंड धुताना वरच्या बाजूला करडं काहीतरी जाणवलं. या वेळी सावली वरून येत होती. डोळ्यात सगळं उलटं असतं, म्हणजे पडदा खालून सुटतो आहे, एवढं मला आता कळत होतं. मी टॉवेल हातात घेऊन तशीच उभी राहिले. संध्याकाळपर्यंत थांबायचा प्रश्न नव्हता, अकराला दवाखान्यात होतो.

डॉक्टर बराच वेळ बघत होते. मग खुर्ची पुढे ओढून बसले. "दुधावर साय धरते ना, तशी तुमच्या पडद्यावर साय धरली आहे. आणि ती आक्रसते आहे. आक्रसताना पडद्याला ओढून काढते आहे." भोक पडलं तेव्हा पडद्यामागच्या काही पेशी आत सांडल्या, त्या पडद्यावर बसल्या, वाढल्या, आणि जखमेवर व्रण धरतो तसा त्यांचा थर तयार झाला. याला पीव्हीआर म्हणतात. पडदा पुन्हा सरकण्याचं हे सगळ्यात मोठं कारण, आणि ते बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांतच होतं.

मी विचारलं, "माझी मान वर झाली का कधी? झोपेत?" ते म्हणाले, "नाही. हे मानेनं होत नाही." मग मी तो प्रश्न विचारला, जो मला दीड महिना खात होता: वीज चमकल्यापासून डॉक्टरांकडे पोचेपर्यंत मी सात दिवस घालवले, त्यानं झालं का? त्यांनी खोटं सांगितलं नाही. पडदा जितका जास्त दिवस सुटलेला राहतो, तितका हा थर धरण्याचा संभव वाढतो. "पण लवकर येणाऱ्यांनाही होतो, आणि उशिरा येऊन न होणारेही आहेत. तुमच्या बाबतीत कशानं झाला, हे कुणीच सांगू शकणार नाही." या उत्तरानं मला जितकं हलकं वाटलं, तितकं धीर देणाऱ्या कुठल्याही वाक्यानं वाटलं नव्हतं. घरी मात्र फोनवर फोन. "ऑपरेशन बिघडवलं त्यांनी", "मुंबईला न्यायला हवं होतं", "तूच काहीतरी उचललं असशील". ज्यांच्या घरात हे चाललं असेल त्यांना कळकळीनं सांगते, असं बोलू नका. शरीर स्वतःचा व्रण भरतं तेव्हा कधी कधी नको तिथे भरतं. त्यात डॉक्टरचा हात चुकलेला नसतो आणि रुग्णाची मानही. शंका असेल तर दुसऱ्या रेटिना तज्ज्ञाचं मत जरूर घ्या, आम्हीही २८ तारखेला घेतलं, आठशे रुपये फी. त्यांनीही तेच सांगितलं.

२ मार्चला दुसरं ऑपरेशन झालं, पूर्ण भुलीखाली, अडीच तासांचं. ती साय चिमट्यानं सोलून काढली, डोळ्याच्या बाहेरून सिलिकॉनचा पट्टा बसवला, चारी बाजूंनी लेझर केलं, आणि या वेळी गॅसऐवजी सिलिकॉन तेल भरलं. १ लाख १२ हजार. हे पहिल्यापेक्षा खूप दुखलं. पट्ट्यामुळे पापण्या सुजून डोळा चार दिवस उघडतच नव्हता. उघडला तेव्हा एकाचे दोन दिसत होते. स्नायूंवरची सूज उतरली तशी दोन महिन्यांत ही दुहेरी प्रतिमा गेली. काहींची राहते, त्यांना प्रिझमचा चष्मा लागतो.

तेलाचं एक बरं, ते फुगत नाही, घाट चालतो. ११ मार्चला मी घरी आले. शिमगा होता. मान खालीच ठेवायची होती अजून. पालखी अंगणात आली तेव्हा मी मान खाली घालूनच ओटी भरली. देवीसमोर सगळ्यांचीच मान खाली असते, कुणाला काही वेगळं वाटलं नाही. ढोल अंगात घुमत होता आणि पालखीच्या दांड्याला लावलेला गुलाल तेवढा मला उजव्या डोळ्यानं दिसत होता. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

तेल भरलेल्या डोळ्यानं कसं दिसतं हे कुणी सांगत नाही. तेल प्रकाश वेगळा वळवतं, त्यामुळे चष्म्याचा नंबर एकदम बदलतो. माझा उणेचा नंबर चार-पाच आकड्यांनी कमी झाला. लगेच नवा चष्मा करायला धावू नका, तेल काढलं की तो बदलतोच. मी जुन्याच चष्म्यावर दिवस काढले आणि डावा डोळा जवळपास बंद धरला.

त्यानं खोलीचा अंदाज जातो. चहा कपात ओतायला गेले की बशीत पडायचा. किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून मगच ओतायचं, हे मी शिकले. पायरी उतरताना आधी टाच मागच्या पायरीला घासायची. सुईत दोरा ओवणं सोडून दिलं. १५ जूनला शाळा उघडली तेव्हा रुजू झाले. फळ्यावर लिहिताना खडू फळ्याला लागायच्या आधीच मी लिहायला सुरुवात करायची, आणि हवेत अक्षर जायचं. चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, मी लिहू का? तुम्ही सांगा." ती वर्षभर फळा लिहीत होती.

मे महिन्यात प्रेशर पुन्हा ३० वर गेलं, या वेळी तेलामुळे आणि थोडं स्टेरॉइडच्या ड्रॉप्समुळे. ते ड्रॉप्स डॉक्टरांनी कमी करत आणले, प्रेशरचे दिवसातून दोनदा चालू राहिले. यातलं काहीही स्वतःच्या मनानं बंद करायचं नाही. जुलैत डाव्या डोळ्यापुढे धुकं दाटलं. मोतीबिंदू. आतला जेल काढलेल्या आणि तेल भरलेल्या डोळ्यात तो बहुतेक येतोच, हे संमतीपत्रावरही होतं. ऑगस्टमध्ये नजरेत खालच्या बाजूला बारीक बुडबुडे फिरायला लागले. डॉक्टरांनी स्क्रीनवर माझ्याच डोळ्याचा फोटो दाखवला. बुबुळाच्या वरच्या कडेला पांढरे कण जमलेले, ताकावर लोण्याचे कण तरंगतात तसे. तेल फुटायला लागलं होतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर जमतं. फुटलेले कण डोळ्यातली निचऱ्याची जाळी बुजवतात, मग प्रेशर आटोक्यात राहत नाही. तेल काढायला हवं होतं.

तेल काढायची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. पडदा तेलाच्या आधारानं बसलेला आहे, आधार काढल्यावर पुन्हा सरकला तर? तसा सरकतो काही जणांचा. डॉक्टरांनी खालचा पडदा दोनदा तपासला, नवी साय नाही, लेझरचे डाग नीट धरलेले, तेव्हाच होकार दिला. गणपतीनंतर चालेल का, विचारलं. प्रेशर औषधांवर २० होतं, म्हणाले चालेल. २३ सप्टेंबरला गौरी-गणपती पोचवले आणि २६ तारखेला तिसऱ्यांदा टेबलावर गेले. तेल काढलं, मोतीबिंदू काढला, लेन्स बसवली. ५८ हजार.

लेन्सच्या मापाच्या वेळी दोन गोष्टी लक्षात ठेवा. तपासणाऱ्याला "डोळ्यात तेल आहे" हे तोंडानं सांगा, कारण तेलासाठी यंत्रात वेगळी नोंद करावी लागते, नाहीतर माप चुकतं. आणि नंबर किती ठेवायचा याची चर्चा करा. माझ्या मनात शून्य नंबर होता, चष्मा जाईल अशी आशा. डॉक्टर म्हणाले, उजवा उणे नऊ आणि डावा शून्य झाला तर दोन डोळ्यांतल्या प्रतिमा इतक्या लहान-मोठ्या होतील की चष्मा घालणंच सोसणार नाही. डावा मुद्दाम उणे पाचच्या आसपास ठेवला. ते शंभर टक्के बरोबर होतं.

तेल काढल्यावर पहिले सहा आठवडे मी रोज सकाळी सावली शोधत उठायचे. सावली आली नाही. पण ७ नोव्हेंबरच्या तपासणीत पडद्याच्या मध्यभागी सूज निघाली, अक्षरांच्या ओळी मला लाटांसारख्या दिसत होत्याच. दोन प्रकारचे ड्रॉप्स दोन महिने. जानेवारी २०२४च्या स्कॅनमध्ये सूज जवळजवळ ओसरलेली होती.

आता पैशांचं आणि कागदांचं. माझ्यासारख्या राज्य शासकीय आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांनी हे नीट वाचा. खाजगी दवाखान्यात तातडीनं घेतलेल्या उपचारांच्या प्रतिपूर्तीसाठी शासनाची २७ आकस्मिक आजारांची यादी आहे, १९ मार्च २००५च्या शासन निर्णयातली. त्यात "डोळ्यातील दृष्टिपटल सरकणे" असं शब्दशः लिहिलेलं आहे. मला हे पंचायत समितीतल्या एका क्लार्कताईंनी दाखवलं. तोवर माझ्या डिस्चार्ज कार्डावरची इंग्रजी नावं बघून सगळे "डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे मोतीबिंदू" असंच समजत होते. दवाखान्याकडून निदान मराठीत, याच शब्दांत, लेटरहेडवर लिहून घ्या. प्रत्येक बिलावर सही-शिक्का, डिस्चार्ज कार्ड, अत्यावश्यकता प्रमाणपत्र, औषधांच्या चिठ्ठ्या आणि त्यांच्या पावत्यांच्या तारखा जुळलेल्या हव्यात. माझा पहिला प्रस्ताव परत आला, कारण एका पावतीवरची तारीख डिस्चार्जच्या नंतरची होती आणि मी ती आतल्या बिलांत लावली होती. पुन्हा जुळवून दिला. एप्रिल २०२३मध्ये टाकलेलं देयक जिल्हा शल्यचिकित्सकांची मंजुरी घेऊन जानेवारी २०२४मध्ये खात्यावर आलं. तिसऱ्या ऑपरेशनला "हा तर मोतीबिंदू, यादीत नाही" असा शेरा पडला. त्यावर तेल काढणं हा त्याच आजाराच्या उपचाराचा पुढचा टप्पा आहे, असं डॉक्टरांचं पत्र जोडलं. जुलै २०२४मध्ये तेही मंजूर झालं. तिन्ही ऑपरेशनांचे मिळून २ लाख ३८ हजार, तपासण्या, ड्रॉप्स आणि गाडीभाडं धरून आणखी साधारण ४५ हजार खर्च झाले. परत मिळाले १ लाख ७१ हजार. आजारपणाची रजा परिवर्तित रजेत बसवली, रुजू होताना योग्यता प्रमाणपत्र लागलं. नोकरीत नसलेल्यांनी दवाखान्यात पैसे भरायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे रेशनकार्ड दाखवून विचारून घ्यावं.

आज डाव्या डोळ्याला चष्म्यासकट ६/२४ दिसतं, म्हणजे धड डोळ्याला २४ मीटरवरून दिसणारं अक्षर मला सहा मीटरवरून दिसतं. मधला भाग आठवडाभर सुटलेला होता, तिथलं सगळं परत आलं नाही. माणसाचा चेहरा डाव्या डोळ्यानं थोडा अरुंद आणि किंचित वाकडा दिसतो. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटून पसरतो, म्हणून अंधारात स्कूटर चालवत नाही. पण डाव्या बाजूनं कुणी आलं तर कळतं, पायरी कळते, चहा कपात पडतो. प्रेशरचे ड्रॉप्स अजून रात्री एकदा चालू आहेत, प्रेशर १६.

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर मी मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीचं एक पान चिकटवलं आहे, मध्यभागी पेनानं एक ठिपका दिला आहे. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत उजवा डोळा झाकून त्या ठिपक्याकडे बघते. ठिपक्याच्या वर दोन चौकटी सोडून तिसऱ्या रेघेला एक बाक आहे. जानेवारीपासून तो तिथेच आहे, तेवढाच. आज सकाळीही तेवढाच होता. पुढची तपासणी दिवाळीनंतर, नोव्हेंबरात.